राख लावलेला तुंबा

आसाबोबिसी
१३ जुलै १९९७

लारिबाताई,

तुझा तुंबा फुटलेला नाही.

हे पहिल्या ओळीत लिहावं की शेवटी, या विचारात मी दोन कागद फाडले. सेर्वाबाई, तुम्ही हे ताईला वाचून दाखवत असाल तर इथे जरा थांबा. तिच्या डोक्यावर ओझ्याचं घमेलं असेल तर आधी ते उतरवू द्या. अतुबिगा ड्रायव्हर सांगत होता, तिकडे दक्षिणेत कुमासीच्या बाजारात ओझी वाहणाऱ्या आमच्याकडच्या सगळ्या मुलींची पत्रं तुम्हीच शिवणयंत्र थांबवून वाचता. तुमचे उपकार आहेत. पण हे पत्र हळू वाचा.

ताई, मी अयिंपोका. तू गेलीस तेव्हा अकरा वर्षांची होते, आता अठरा पुरी झाली. तुझं लग्न झालं त्याच वर्षी मला शाळेत घातलं. तुझ्या लग्नात आलेल्या गाईंतून माझी फी भरली, म्हणून या दोन गोष्टी तू एकत्र धरत असशील. मीही धरते. शाळा संपली, आणि शिकलेली म्हणून इथल्या बायकांनी मला त्यांच्या संस्थेची सचिव केलं. कसली संस्था ते सांगते, नाहीतर काल काय झालं ते कळणार नाही.

शियाच्या झाडाखालच्या बिया आपण वेचायच्या, उकडायच्या, वाळवायच्या, फोडायच्या, आणि बोल्गा शहरातली व्यापारीण येऊन माप ठोकून ठोकून भरणार, हे तुला माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी आईनं सहा जणींना आपल्या अंगणात गोळा केलं आणि म्हणाली, बिया विकायच्याच नाहीत, लोणी करून विकायचं, आणि सगळ्यांचं एकत्र. सहाच्या तीस झाल्या. आता स्वतःची दळायची चक्की घ्यायची आहे. त्यासाठी सहकारी संस्था नोंदवायची, म्हणजे चक्की कुणा एकीची नाही, सगळ्या मालकिणी. सहकार खात्याचे साहेब म्हणाले, सभासदांची यादी करा, किती बाया आहेत ते मोजा.

आता आपल्याकडे बाया कोण मोजणार? मोजलेलं माणूस कमी होतं म्हणतात. असाकीआजीनं तर साहेबांच्या तोंडावरच सांगितलं, "शेळ्या मोज. आम्हाला नको." म्हणून मी म्हटलं, आपण तुंबे मोजू. जिचा तिचा तुंबा, तिच्या आईनं दिलेला, जिच्या तिच्या खुणेचा. त्यावरून मी पोटनियम तीन लिहिला: प्रत्येक सभासदानं स्वतःचा तुंबा स्वतःच्या हातानं आणून रिंगणात ठेवावा, दुसरीचा तुंबा चालणार नाही, एक तुंबा, एक मत.

हे इतकं घट्ट लिहायचं कारण तालाताकाकू. ती म्हणाली, "माझ्या तीन सुना. तिघींचे तुंबे मी घेऊन येते, म्हणजे चार मतं माझी. सुना माझ्या शब्दाबाहेर आहेत थोड्याच?" तिच्या सुना मागे उभ्या राहून डोळ्यांनी मला विनवत होत्या, लिही, लिही. मी लिहिलं. फार बरं वाटलं होतं तेव्हा.

काल सभा झाली. गोरखचिंचेखाली रिंगण. बाया एकेक येऊन तुंबा पालथा ठेवत होत्या, मी वही घेऊन खूण बघत होते आणि खुणेसमोर नाव लिहीत होते. आई शेवटी आली, पाणी भरून येता येता. सगळ्या हसल्या. ती अध्यक्ष होणार हे ठरलेलंच होतं. तिनं तुंबा ठेवला. मी वाकले.

आईची खूण सरडा. माझ्यासमोर तीन पक्ष्यांची पावलं होती. तिसऱ्या पावलाचं मागचं बोट अर्धवट. तापलेल्या सुरीनं ते काढताना तुला चटका बसला होता आणि तू हात ओढून घेतला होतास. मी तेव्हा शेजारी बसून रडत होते, चटका तुला बसला होता तरी.

माझ्या तोंडून निघून गेलं, मोठ्यानं, "आई, हा कुणाचा?"

आणि आईनं सांगितलं. तीस बाया, साहेब, पलीकडे ओंडक्यावर बसलेले पुरुष, त्यांत बाबा. सात वर्षांत आपल्या घरात कुणी जे नाव घेतलं नाही ते तिनं घेतलं.

"लारिबाचा."

मग असाकीआजी काठी टेकत उठली आणि म्हणाली, "मग त्या दिवशी चव्हाट्यावर फुटला तो कुणाचा?"

बाकी पुढच्या पत्रात. अतुबिगाची लॉरी निघायच्या आत हे त्याच्या हातात द्यायचं आहे.

अयिंपोका

---

१७ जुलै

ताई,

त्या दिवशी चव्हाट्यावर काय झालं ते तुला कुणी सांगितलं असेल तर अर्धंमुर्धंच सांगितलं असेल. मी अंगणात होते. मी सांगते.

तू नवऱ्याच्या घरून निघून दक्षिणेच्या लॉरीत बसलीस ही बातमी आली, तेव्हा बाबा नांगर दुरुस्त करत होते. त्यांनी हातातलं लाकूड खाली ठेवलं, नीट, जागेवर. मग म्हणाले, "ती मेली." आणि मेलेल्या बाईचं करतात ते करायचं ठरवलं. तुझा तुंबा आईच्या शिंक्यात होता, पहिलं मूल होईपर्यंत तो आईकडेच राहतो म्हणून. तो राख लावून आणला गेला. बाबांनी चव्हाट्यावर नेऊन टाच मारून फोडला. एक टाच. मला वाटलं होतं फार मोठा आवाज होईल. वाळकं पान चुरगळावं तेवढाच झाला.

मग बाबा घरी येऊन जेवले. आईनं वाढलं.

आता कळलं, ते जेवण ज्या बाईनं वाढलं तिचाच तुंबा ते फोडून आले होते.

फुटलेला तुंबा आईचा होता, ताई, म्हणजे रीतीनं मेली ती आई. शिंक्यातून तिनं तुझा नाही, आपला काढला. राखेखाली सरडा दिसला नाही. पुरुष बाईच्या शिंक्याला हात लावत नाही, त्यामुळे बाबांनी कधी पाहिलं नाही. सात वर्षं आई लोणी मळायची ती ॲल्युमिनियमच्या पातेल्यात. बाया चिडवायच्या, "ही बोल्गाची मडमीण बघा." ती म्हणायची, तुंब्याला तडा गेलाय. मीही ते ऐकत मोठी झाले आणि एकदाही शिंक्यात डोकावले नाही.

आता इथे काय चाललंय ते लिहिते. साहेब गोंधळून निघून गेले, महिनाअखेरीस येतो म्हणाले. बाबा घरात जेवत नाहीत. सात वर्षं मेलेल्या बाईच्या हातचं खाल्लं, असं ते एकदाच म्हणाले, तेही मला नाही, कुंपणाला. भाजलेल्या शेंगा खातात आणि शेतात बसून राहतात.

आणि बाया आईबरोबर मळायला तयार नाहीत. दुष्टपणानं नाही. त्यांना खरंच भीती वाटते. परवा सगळ्या तालाताकाकूच्या अंगणात मळायला गेल्या. लोणी काही केल्या फुलेना. काळं ते काळंच. आपल्या आणि त्यांच्या मधे ती एक कमरेएवढी भिंत. आई इकडे बिया निवडत होती. तिला आवाजावरूनच कळलं. ती ओरडली, "थंड पाणी घाला! कोमट कसलं ओतताय, दिवस किती तापलाय!"

सगळ्यांचे हात थांबले. मेलेल्या बाईचं ऐकायचं कसं? तालाताकाकूनं इकडेतिकडे पाहिलं, मग दाव्याला बांधलेल्या शेळीला म्हणाली, "काय गं? थंड पाणी म्हणतेस? बरं बाई, तू म्हणतेस तर घालते."

थंड पाणी घातलं. लोणी पांढरं होऊन वर आलं.

"हुशार आहे हो शेळी," काकू भिंतीकडे न बघता म्हणाली. "तिला विचार, आता किती वेळ मळू?"

आईनं सांगितलं. शेळीला धन्यवाद मिळाले. बाया हसल्या, आईही हसली, आणि मी चुलीमागे जाऊन तोंडात पदर कोंबला. तीन वर्षांपूर्वी जिनं हे सगळं सुरू केलं, ती भिंतीपलीकडून शेळीच्या नावानं बोलते आहे. आणि हे माझ्या पोटनियमामुळे. मी तो लिहिला नसता तर तिला तुंबा काढावाच लागला नसता.

तू काहीतरी कळव.

अयिंपोका

---

२३ जुलै

ताई,

मागच्या पत्रात मी एक वाक्य असं लिहिलं: "तो राख लावून आणला गेला." शाळेत असली वाक्यं शिकवतात, त्यांत करणारा दिसत नाही. मी ते मुद्दाम लिहिलं. पत्र गेलं त्या घटकेपासून मला चैन नाही.

मी आणला.

बाबा म्हणाले, "जा, तिचा तुंबा घेऊन ये." मी गेले. नाही म्हटलं नाही. तू मला पाठीवर घेऊन विहिरीवर नेलेलं मला आठवत होतं, तरी गेले. आई खोलीत पाठमोरी होती. तिनं शिंक्यातून काढला, राखेत लोळवला, माझ्या हातांत दिला. मी रडत होते, राख माझ्या नाकात गेली, मी वाटेत दोनदा शिंकले. चव्हाट्यापर्यंत मी तो तसाच जपून नेला, पडू नये म्हणून. फोडायला नेत होते आणि पडू नये म्हणून जपत होते.

सात वर्षं मला वाटत होतं की मी तुला उचलून नेलं. आता कळतंय की मी आईला नेलं. कुठलं जास्त वाईट ते मला ठरवता येत नाही. सेर्वाबाई, तुम्ही हे वाचलंत, आता तुम्हालाही माहीत झालं. इथे कुणाला माहीत नाही, फक्त आईला आहे.

आज सकाळी बिया फोडताना मी तिला विचारलं.

"आई, तू का केलंस?"

"काय?"

"तुझा का दिलास?"

"त्यांनी तुंबा मागितला. मी दिला."

"पण त्यानं तू मेलीस ना!"

तिनं एक बी फोडली, आतला गर पारखून पाहिला, टोपलीत टाकली. "मेले तरी काम कुणी कमी केलंय का माझं? मेलेल्या बाईला निदान पाणी भरायला तरी पाठवू नये."

मला हसू आलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली.

"पोर परक्या गावात गेली होती," ती म्हणाली. "तिथे आजारी पडली असती, लॉरीखाली आली असती. आणि इथे बाप तिचं मरण उरकून मोकळा. मग तिला धरून ठेवायला काय राहिलं? मी इथेच होते. चुलीपुढे बसलेली. मला कोण मेलेली म्हणणार होतं?"

"मग सभेत कशाला आणलास? तडा गेलाय म्हणून सांगायचंस."

"तूच लिहिलंस ना, स्वतःचा आणा म्हणून? माझा नव्हताच. तिचा होता. म्हटलं, मी नाही तर ती होईल सभासद. चक्कीत तिचा वाटा राहील. कधी आली तर उभं राहायला जागा." मग म्हणाली, "मला वाटलं, तू खूण बघशील आणि गुपचूप नाव लिहिशील. एवढी शाळा शिकलीस. तू तर दवंडी पिटलीस."

"स्वतःच्या हातानं, असंही लिहिलंय मी."

"ते मी ऐकलं नाही. तेव्हा मी पाण्याला गेले होते. मेलेली."

आणि ती हसली, ताई. मी तिला अशी हसताना फार दिवसांनी पाहिली.

असाकीआजीला मी विचारून आले, यातून वाट काय? आजी म्हणाली, फुटलेला परत होत नाही. आकोलपोकाला, म्हणजे आईला, नवा तुंबा मिळाला तर ती परत माणसांत. पण तुंबा आईनं द्यायचा असतो, आत मूठभर बाजरीचं पीठ घालून, आणि आईची आई आमच्या जन्माआधीच गेली. बाजारातून आणलेला तुंबा म्हणजे नुसतं भांडं.

"एकच आहे," आजी म्हणाली. "जो वाचला तो. तो आकोलपोकाचा नाही. जिचा आहे ती जिवंत आहे असं समजलं, तर तिनं काय ते सांगावं."

म्हणून मी विचारते. तुझा तुंबा तुझाच राहिला तर तू जिवंत राहतेस आणि आई भिंतीपलीकडे. मला असं विचारायचा काही अधिकार नाही. ज्या मुलीनं तुझा तुंबा फोडायला नेला तीच आता तुला म्हणते आहे, दे.

महिनाअखेरीस साहेब येतील.

अयिंपोका

---

२ ऑगस्ट

ताई,

अतुबिगा काल परत आला. मी लॉरीमागे धावत गेले.

"वाचली तिला पत्रं?"

"तिन्ही. सेर्वाबाईनं यंत्र बंद करून वाचली. गिऱ्हाइकं खोळंबली होती."

"मग?"

"मग काय. ऐकलं. घमेलं उचललं. गेली."

"काही बोलली नाही?"

"नाही. मी मागून हाक मारली तर एका रताळेवालीचं ओझं उचलत होती. काय बाई ओझं उचलते गं तुझी बहीण! माझा क्लीनर उचलणार नाही."

मी तिथेच रस्त्यावर बसले. अतुबिगा म्हणाला, "ऊठ, ट्रक येईल."

परवा साहेब येऊन गेले. सगळा कागद तयार होता. त्यांनी यादी पाहिली आणि म्हणाले, "तीसच? एकतीस होत्या ना?" मी सांगितलं, एकतिसावीचं ठरायचंय. ते भले आहेत. हळूच म्हणाले, "मुली, तुझ्या आईचं नाव लिहून टाक. भोपळे तपासायला राजधानीतून कुणी येत नाही."

मी पेन हातात घेतलं. खरं सांगते, घेतलं. साहेब दुसरीकडे बघत होते. तालाताकाकू शेळीकडे बघत होती. "आ" एवढं अक्षर लिहिलं.

मग खोडलं. कारण काकूच्या तीन सुना समोर बसल्या होत्या. त्यांना मी सांगितलं होतं, कुणाचंही दुसरं कुणी लिहिणार नाही. आईचं मी लिहिलं तर उद्या काकू त्यांचं लिहील. आणि दुसरं असं, की कागदावर नाव लिहून बाया तिच्या शेजारी बसणार नव्हत्या. ती कागदावर अध्यक्ष आणि भिंतीपलीकडे मेलेली.

साहेबांनी २४ ऑगस्टपर्यंत मुदत दिली. निघताना म्हणाले, "फार प्रामाणिक सचिव असली की संस्था बुडते बघ." बायका हसल्या. मी नाही.

आईला मी सांगितलं नाही की तू काही न बोलता गेलीस. तिनं विचारलंही नाही. ती फक्त म्हणाली, "घमेलं डोक्यावर घेते का अजून? मानेला त्रास होतो. चुंबळ जाड करायला सांग."

सांगितलं.

अयिंपोका

---

२४ ऑगस्ट

ताई,

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर सेर्वाबाईंनी माफ करावं.

आज बाजाराचा दिवस. आम्ही सगळ्या गोरखचिंचेखाली होतो, साहेबही. शेवटची तारीख. आई नेहमीप्रमाणे लांब, आमच्याकडे पाठ करून, कुळीथ निवडल्यासारखं काहीतरी करत होती. कुळीथ मुळात घरात नव्हते. बाबा ओंडक्यावर. अतुबिगाची लॉरी आली, थांबायची नाही तिथे थांबली. तो टपावर चढला, यामच्या कंदांच्या पोत्यांमधून एक घमेलं सोडवलं आणि डोक्यावर घेऊन उतरला, अगदी तुमच्या बाजारातल्या मुलींसारखी मान ताठ करून.

तालाताकाकू म्हणाली, "अतुबिगा, कधी लागलास हमालीला? शोभतंय हो."

त्यानं घमेलं रिंगणाच्या कडेला ठेवलं. जुनं. एका बाजूला चेपलेलं. तळाशी, बाहेरून, खिळा ठोकून ठोकून काढलेली तीन पक्ष्यांची पावलं. तिसऱ्या पावलाचं मागचं बोट अर्धवट.

तू मुद्दाम अर्धवट ठेवलंस. चटका बसला नव्हता या वेळी.

सात वर्षांत मी तुझ्या हाताचं नवं काही पाहिलं नव्हतं, ताई. मला वाटलं होतं तू ओझं उचलून निघून गेलीस ते कायमचीच.

घमेल्यात चिंधीची एक पुरचुंडी होती. बाकी काही नाही. अतुबिगा म्हणाला, "तिनं सांगितलं ते शब्दाला शब्द सांगतो. मधे बोलू नका, विसरेन." आणि डोळे मिटून म्हणाला, "तिथे आहे तो तुंबा आईला. आई मुलीला देते तसा. पीठ पाठवलंय. आता हे माझं. आणि त्या शाळावालीला सांग, पत्रं आखूड लिही, सेर्वाबाईची आमटी करपली."

मी असाकीआजीकडे पाहिलं. मुलीनं आईला द्यायचं, आई देते तसं? असं कुणी कधी केलेलं नाही. आजीनं पुरचुंडी सोडली. बोट घातलं, चाटलं. चाटून बराच वेळ तोंड हलवत राहिली.

"दक्षिणेतलं दळण," ती म्हणाली. "फार बारीक. असल्या पिठाचं कधी काही नीट शिजत नाही." परत बोट घातलं. "पण बाजरीचंच आहे."

मग तिनं हाक मारली, "आकोलपोका! बहिरी झालीस का? पोरीनं पीठ पाठवलंय, ये की इकडे!"

सहा आठवड्यांत कुणी तिला नावानं हाक मारली नव्हती. आई उठली. सूप तिथेच सांडलं. ती रिंगणापर्यंत आली आणि पुढे येईना, मधे भिंत असल्यासारखी. तिच्या तोंडावर जे होतं ते मी याआधी पाहिलं नव्हतं. ती घाबरली होती. जी बाई सात वर्षं मेलेली असताना पाणी भरत होती, ती आता घाबरली होती. तालाताकाकूनं तिच्या दंडाला धरून ओढलं. हातानं धरून, ताई. "चल गं. त्या शेळीचं ऐकून ऐकून मी वेडी झाले."

आजीनं तुझा तुंबा आईच्या हातांत दिला, आत तुझं पीठ. आईनं ते तोंडात टाकलं. कोरडं. तिला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं, आणि मग ती रडली, पण ठसक्यामुळे की कशामुळे ते सांगता येत नाही. मी विचारलं नाही.

एकतिसाव्या ओळीवर मी लिहिलं: आकोलपोका. खूण: तीन पावलं. हात ओला झाला होता, शाई पसरली.

बाबा उठून आले. रिंगणात पुरुष येत नाही, ते कडेला थांबले. घमेलं बघत होते. चेपलेल्या बाजूवर त्यांनी नख फिरवलं. मग अतुबिगाला विचारलं, "ती खाते काय तिथे?"

सात वर्षांतला पहिला प्रश्न.

"जे मिळेल ते, म्हातारबा. परवा भात आणि मासे."

"बाजरी मिळते?"

"पीठ पाठवलं ना तिनं."

बाबांनी मान हलवली. घरी जाऊन त्यांनी आईला पाणी मागितलं, असं ऐकलं. मी तेव्हा तिथे नव्हते. पाहिलं नाही ते लिहीत नाही.

आता तुझ्या घमेल्याबद्दल. साहेब म्हणाले, बत्तिसावी ओळ लिहा की. तालाताकाकू म्हणाली, "लिही गं, मास्तरीण. घमेलं म्हणजे तुंबा नाही, असं तरी म्हणू नकोस. तुझी आई सात वर्षं पातेल्यात मळत होती." सगळ्या हो म्हणाल्या. मी पोटनियम तीन वाचून दाखवला: स्वतःच्या हातानं आणून रिंगणात ठेवावा. हे अतुबिगाच्या डोक्यावरून आलं. काकू म्हणाली, "मग तो नियम बदला. हात वर करा." साहेब म्हणाले, बदलता येतो.

एकोणतीस हात वर गेले. दोघींचे गेले नाहीत, माझा आणि आईचा.

काकू चिडली. "तुझीच बहीण ना गं ती!"

मग आई म्हणाली, "असू दे. तिनं बरोबर लिहिलंय." असाकीआजीनं आमच्या दोघींकडे पाहिलं आणि आपला हात खाली घेतला. मग एकेक करत सगळ्यांनी. सर्वांत शेवटी काकूनं, आणि खाली घेता घेता तो माझ्या डोक्यावर हलकेच आपटला.

संस्था नोंदवली गेली. एकतीस सभासद. चक्की पावसाळ्यानंतर येईल. आई अध्यक्ष. तिनं पहिलाच हुकूम काढला, कोमट पाणी बंद.

ताई, मी तुंबा नेला त्याबद्दल तू काही सांगितलंस का, हे मी अतुबिगाला तीनदा विचारलं. तो म्हणाला, नाही. चौथ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, "तूच विचार तिला."

घमेलं आईच्या शिंक्यात मावत नाही. तिनं शिंकं उसवून मोठं केलं. तरी कड बाहेर येते, येता जाता डोक्याला लागते. राख मी कुणाला त्याच्या आसपास ठेवू देत नाही.

वहीत बत्तिसाव्या ओळीवर मी तीन पावलं काढून ठेवली आहेत. तिसऱ्याचं मागचं बोट अर्धवट. समोरची जागा कोरी आहे. ती मी भरणार नाही. घमेलं इथे आहे, तुझा हात तिथे.

अतुबिगा मंगळवारी परत निघतो. पुढची सीट रिकामी ठेवतो म्हणाला.

अयिंपोका